मीठ वाढलेलं पान

एडिंबरा,
९ मार्च २०२४

काका, काकू,

दोघांच्या पायांवर डोकं ठेवून मगच लिहायला बसले आहे. फोनवर काकांना माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ते मनानेच भरतात, तेव्हा ही बातमी कागदावरच बरी. माझ्या पुस्तकाला पारितोषिक मिळालं! इथल्या इतिहासकारांच्या संस्थेचं, वसाहतकाळावरच्या वर्षातल्या सर्वांत चांगल्या ग्रंथाला देतात ते. समारंभात मी काकूची चंदेरी नेसले होते. थंडीने दात वाजत होते, पण वरून कोट घातला नाही.

पुस्तकाची एक प्रत वेगळ्या टपालाने पाठवली आहे. काका, ती वाचण्याआधी एक गोष्ट माझ्याकडून कळलेली बरी. पुस्तक आपल्या झाशीचं आहे. सत्तावन्नचं बंड मोडल्यावर इंग्रजांनी शहर पुन्हा ताब्यात घेतलं ते नुसत्या तोफांनी नाही, साक्षीदारांच्या जोरावर. कोण कुठे लपलंय, कोणी कोणाला भाकरी दिली, हे सांगणारी माणसं त्यांनी घराघरांतून उभी केली. त्यांत आपले खापरपणजोबा शिवाजीराव होते. त्यांची जबानी मला लंडनच्या दप्तरात सापडली. खालची मोडीतली सही तुम्ही मला घरातल्या ज्या जुन्या कागदांवर मोडी शिकवलीत, त्यांवरच्या सहीशी तंतोतंत जुळते. त्यांनी एकोणीस नावं सांगितली, आणि त्यांतले सात जण फासावर गेले.

पारितोषिक देताना परीक्षकांनी सगळ्यांत कौतुक केलं ते चौथ्या प्रकरणाचं. ते आपल्या पानाबद्दल आहे. सर्वपित्री अमावास्येला पितरांची पानं मांडून झाली की आपल्याकडे दाराजवळ एक जास्तीचं पान वाढतात, नाव न घेता, आणि त्यात न चुकता मीठ.  मी लिहिलं आहे की हे पान त्या फाशी गेलेल्यांचं. ज्यांची नावं आपण इंग्रजांना दिली, त्यांची नावं घ्यायची लाज वाटते म्हणून ते बिननावाचं, आणि ज्यांच्या मिठाला आपण जागलो नाही, त्यांना दरवर्षी मीठ. दीडशे वर्षांहून जास्त काळ एक कुटुंब कोणाला न सांगता माफी मागत राहिलं, असं ते प्रकरण आहे.

आता काम. पुण्याचे एक प्रकाशक मराठी आवृत्ती काढताहेत. त्यांना त्या पानाचा फोटो आणि काकांच्या शब्दांत पानभर मजकूर हवा आहे, ही रीत घरात किती जुनी, कोणी सांगितली, असा. जूनपर्यंत पाठवाल ना?

पुस्तक मी आईला अर्पण केलं आहे. ‘विधवापण नाकारणाऱ्या सिंधूस’. बाबा गेल्यावरही तिने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. झाशीसारख्या गावात, त्या काळात! तिच्याकडूनच मी सत्तेला नाही म्हणायला शिकले, असं मी समारंभातही सांगितलं.

नऊ वर्षं झाली झाशीला येऊन. इथे हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा तुमच्या गॅलरीतलं ऊन फार आठवतं.

तुमचीच
ऋता

*

सिविल लाइंस, झाशी
२२ एप्रिल २०२४

बाळ ऋता,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही पोस्टाने पाठवावे लागत नाहीत.

पुस्तक मिळालं. पोस्टमन म्हणाला, “बाबूजी, इसमें ईंट भेजी है क्या?” मी म्हटलं, “भैया, बिटिया ने लिखी है, संभाल के.” त्याने दोन्ही हातांनी दिलं. तुझी काकू आधी हळदकुंकू वाहून आली, मग मला हात लावू दिला. रोज चार पानं वाचतो. रेल्वेत गार्डाच्या नोकरीत इंग्रजी वाचलं ते रिपोर्टांचं; तुझं इंग्रजी मेल गाडीसारखं आहे, आमच्या स्टेशनांवर थांबतच नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसतो.

शिवाजीरावांचं वाचून मी रागावेन असं तुला वाटलं. नाही रागावलो. केलं असेल त्यांनी. दारात गोरा साहेब उभा, घरात बायकापोरं, तेव्हा माणूस काय बोलून जातो याची तुला ग्रंथालयात बसून कल्पना येणार नाही, आणि तशी वेळ तुझ्यावर न येवो. राजाभाऊंचं मात्र डोकं फिरलं होतं. आपल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांना तो हक्कच आहे. इलाइट चौकात भेटले तर भर रस्त्यात म्हणाले, “विश्वंभरजी, ये क्या लिखवा दिया लड़की से? आपण इथे बाईसाहेबांच्या नावावर जगतो!” मग पेपरात पारितोषिकाची बातमी आली. आता गणपतीत तुझ्या पुस्तकाचा सत्कार आहे. तू नाहीस तर शाल मला घालणार म्हणे.

एक सांगायचं होतं. मराठीत चौथं प्रकरण नको. बाकी सगळं असू दे, शिवाजीरावही असू देत. ते पानाचं तेवढं गाळ. इंग्रजीत छापलं ते छापलं, तिकडच्या लोकांना काय! पण मराठीत नको. कारण विचारू नकोस, वय झालेल्या माणसाचा हट्ट समज. फोटोही पाठवत नाही.

ऊन आत्ताच चव्वेचाळीसवर गेलंय, त्यामुळे तुझ्या चंदेरीची आणि थंडीची गोष्ट काकूने तीनदा वाचून घेतली. कधी येतेस ते लिही. ते लिहीत नाहीस तू कधी.

विश्वाकाका

*

एडिंबरा,
१९ मे २०२४

काका,

तुमचं पत्र चार दिवस टेबलावर ठेवलं आणि मगच उत्तर लिहिते आहे, म्हणजे भांडण जरा निवेल. फार निवलेलं नाही.

राजाभाऊंनी तुम्हाला गाठलं ना? एका हाताने शाल आणि दुसऱ्या हाताने ‘एवढं तेवढं गाळा’. मी वीस वर्षं हेच शिकवते. कोणी तोंड दाबत नाही, घरातलंच कोणी मायेने म्हणतं की एवढं राहू दे. तुम्ही तसं म्हणाल असं मला कधी वाटलं नव्हतं. तुम्ही मला आठव्या वर्षी मांडीवर बसवून मोडी वाचायला शिकवलंत आणि म्हणालात की कागदावर आहे ते वाचायचं, आपल्याला हवं ते नाही.

आणि हे प्रकरण ज्यावर उभं आहे ते तुम्हीच! त्याची पहिली तळटीप काढून बघा: ‘कुटुंबातील ज्येष्ठांची तोंडी माहिती, १९९०.’ ते ज्येष्ठ तुम्ही. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजातून सुट्टीला आले होते. विचारलं, हे पान कोणाचं? तुम्ही म्हणालात, “फार पूर्वीपासून आहे. नाव नाही त्याला.” आई तेव्हा तिथेच होती. ती मीठ वाढत होती. तिचा हात मला अजून दिसतो. त्या एका वाक्यासाठी मी तीन देशांतली दप्तरं पालथी घातली.

मी ते प्रकरण गाळणार नाही, काका. तुम्हाला मजकूर द्यायचा नसेल तर नका देऊ. तुमच्याशी असं बोलताना मला बरं वाटत नाही, पण आता मी थांबले तर उरलेल्या पुस्तकाला काय अर्थ?

काकूला नमस्कार. तिच्या गुडघ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?

ऋता

*

झाशी
२७ जून २०२४

चि. ऋता,

मला पत्र लिहायची सवय नाही. चुका होतील.

तुझे काका रोज दुपारी कागद घेऊन बसतात आणि फाडतात. जेवण अर्धं झालंय. राजाभाऊंचा यात काही संबंध नाही. शाल तुझ्या काकांनीच परवा नको म्हणून सांगितली.

मी पन्नास वर्षं गप्प बसले, कारण सांगायचं त्यांनी होतं. अजूनही मी सांगणार नाही. पण एवढं म्हणते. तू त्या पानातल्या मिठाबद्दल तीस पानं लिहिलीस, एवढी पुस्तकं पाहिलीस. स्वयंपाक करणाऱ्या एखाद्या बाईला विचारायचं होतंस.

गुडघे तसेच आहेत.

कमलकाकू

*

एडिंबरा,
२० जुलै २०२४

काका,

पुण्याच्या अनुवादक बाईंना मी फोन करून काकूचं वाक्य वाचून दाखवलं.  त्या म्हणाल्या, “ताई, मलाही भाषांतर करताना अडकायला झालं होतं, पण तुम्ही एवढ्या मोठ्या, म्हणून बोलले नाही. देवाच्या नैवेद्याला आणि पितरांच्या पानात मीठ वाढत नाहीत. मीठ असतं ते जेवायला बसणाऱ्या माणसाच्या पानात.”

मी कधी पान वाढलेलंच नाही. मला ते माहीत नव्हतं.

काका, ते पान कोणाचं?

ऋता

*

सिविल लाइंस, झाशी
१२ ऑगस्ट २०२४

ऋता,

देवेंद्रचं. तुझ्या बाबांचं.

एवढं लिहून मी उठलो होतो. काकूने हात धरून परत बसवलंय, तेव्हा आता पुरं लिहितो. सलग लिहितो, मध्ये वाचून बघणार नाही, नाहीतर हेही फाडेन.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला. मी मालगाडीवर गार्ड, देवेंद्र इंजिनांच्या लोको शेडमध्ये फिटर. तो संपात पुढे होता. काय बोलायचा! शेडच्या गेटवर उभा राहिला की दोनशे माणूस चहा विसरून ऐकायचा. मी कामावर जात होतो. मला नोकरी टिकवायची होती, तुझे आजोबा अंथरुणावर होते, तू तीन वर्षांची. आठव्या दिवशी एका साहेबाने मला बंगल्यावर बोलावून कोरा कागद पुढे ठेवला. तुमच्या वस्तीत सभा घेणारे कोण, लिहा. मी दहा नावं लिहिली. साहेबाने वाचलं आणि विचारलं, “और भाई साहब का नाम? भाई का नाम नहीं है तो हम समझेंगे कि पूरी लिस्ट झूठी है.” मी अकरावं नाव लिहिलं. कोणी मारलं नाही, दरडावलं नाही. पंखा चालू होता, समोर सरबत ठेवलं होतं.

सगळ्यांना काढलं. चौकशीत देवेंद्रला तो कागद दाखवला. माझं अक्षर त्याला कोणी सांगायला नको होतं, लहानपणी त्याने तेच गिरवलं होतं.  चार महिने एका घरात राहिलो आणि तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग सर्वपित्री आली. पितरांची पानं झाली, घरच्यांची वाढली. तो येऊन उभा राहिला, आपल्या पानाकडे बघितलं आणि म्हणाला, “दादा, तुमच्या पंक्तीला मी बसत नाही.” चप्पल घालून बाहेर गेला. आम्हाला वाटलं, स्टेशनपर्यंत जाईल आणि राग उतरला की येईल.

पान तसंच राहिलं. सिंधूने उचलू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने त्याच दिवशी ते पुन्हा वाढलं, दाराजवळ, म्हणजे आल्या आल्या बसता यावं. तिने मीठ का वाढलं ते तुला आता कळलंय.

सत्याहत्तरात सरकार बदललं आणि काढलेल्या सगळ्यांना परत घेतलं. देवेंद्रचंही नाव होतं. मी तीन महिने, ड्यूटी नसेल तेव्हा, शेडच्या गेटवर उभा राहायचो. बाकीचे दहाही आले. माझ्याकडे न बघता आत गेले. तो आला नाही. पुढे वीस वर्षं मी गार्डाच्या डब्यातून प्लॅटफॉर्म बघत गेलो. बीना, इटारसी, नागपूर, इकडे ग्वाल्हेर, आग्रा. पाठमोरा कोणी दिसला की झेंडी हातात राहायची.

तू सात वर्षांची झालीस आणि रोज विचारायला लागलीस, बाबा कधी येणार. एके दिवशी मी सांगितलं की ते भोपाळला विषमज्वराने गेले. मी सांगितलं, सिंधूने नाही. तिला हे कळलं तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, “भावोजी, तिला काय सांगायचं ते सांगा, मला कोणी विधवा म्हणायचं नाही.” बारा वर्षं झाल्यावर गुरुजी म्हणाले की दर्भाचा पुतळा करून दहन करा, म्हणजे श्राद्ध तरी करता येईल. तिने त्यांना पाणीसुद्धा न देता वाटेला लावलं.

बाळ, तिने विधवापण नाकारलं नाही. ती वाट बघत होती. दोन हजार सहात ती गेली, तेव्हा तू दोन दिवसांनी पोचलीस म्हणून तू पाहिलं नाहीस. काकूने तिला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, मळवट भरला. सवाष्ण म्हणून गेली ती. तेव्हापासून पान काकू वाढते.

तू तुझ्या पुस्तकात एकशे सहासष्ट वर्षं मागे गेलीस. पन्नास पुरे होती. शिवाजीरावांची जबानी वाचताना मला सगळं समजत होतं, डिक्शनरी लागली नाही.

नव्वद साली तू विचारलंस तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर तू तेव्हाच माझी राहिली नसतीस. त्या भीतीने खोटं बोललो, आणि तू त्याच्यावर पारितोषिक मिळवून आणलंस. मला तुझा फार अभिमान वाटला आणि त्याच दिवशी जेवण गेलं नाही. आता काय करायचं ते तू ठरव. फक्त आमच्याकडे येणं बंद करू नकोस, असं लिहिणार होतो, पण नऊ वर्षं तू आलीच नाहीयेस.

विश्वंभर

*

झाशी
३ ऑक्टोबर २०२४

चि. ऋता,

काल अमावास्या झाली. पान मांडलं. या वर्षी मीठ तुझ्या काकांनी वाढलं. आजवर कधी हात लावला नव्हता.

तुझं पत्र नाही. पोस्टमनची वेळ झाली की ते गॅलरीत जाऊन उभे राहतात. रागाचं पत्र असलं तरी पाठव. चालेल.

काकू

*

एडिंबरा,
२१ ऑक्टोबर २०२४

काका,

दोन महिने मी तुम्हाला पत्रं लिहिली आणि पाठवली नाहीत. त्यांतलं एकही तुमच्या हाती पडू नये असं होतं. सात वर्षांच्या मुलीचा बाप तुम्ही मारून टाकलात. तुमच्याच मांडीवर बसून मी त्यांच्यासाठी रडले, आणि तुम्ही माझे डोळे पुसलेत. हे मी कुठे ठेवू, मला माहीत नाही. माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही.

कामाचं आधी. पुण्याची छपाई थांबवली आहे. इथल्या प्रकाशकाला आणि पारितोषिकाच्या समितीला कळवलं की चौथं प्रकरण चुकलं आहे, आणि कसं चुकलं तेही. परत मागितलं तर देईन. शिवाजीराव राहतील, ते कागदावर आहेत. त्यांच्या शेजारी आता ती अकरा नावांची यादी येईल, सरबत आणि पंख्यासकट. तळटीपेत या वेळी ‘कुटुंबातील ज्येष्ठ’ असं लिहून भागणार नाही. तुमचं पूर्ण नाव लागेल. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा.

अर्पणपत्रिका काढून टाकणार होते. मग आईचा फोटो काढून पाहिला. तिच्या कपाळावर मी सगळं आयुष्य बंड वाचत आले, आणि वर्गात, भाषणांत तेच सांगितलं. आता दिसतं की ती फक्त दाराकडे बघते आहे. तिला एकदा तरी विचारायला हवं होतं. अभिमानाच्या भरात विचारायचं राहून गेलं.

बाबा असतील तर पंचाहत्तर वर्षांचे असतील. रोज सकाळी उठले की हा आकडा मनात येतो. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी ओट्यावर. कदाचित दुसरा संसार असेल, असू दे. कदाचित मला विसरले असतील. मी हे काम तीस वर्षं केलं, पण सगळी मेलेल्यांची दप्तरं. जिवंत माणसाला कसं शोधतात ते मला येत नाही. तरी शोधणार आहे. तुम्ही उतरत होतात ती सगळी स्टेशनं लिहून ठेवा, आणि त्या दहा जणांपैकी कोणी हयात असेल तर त्याचा पत्ता.

मी तेवीस नोव्हेंबरला झाशीला पोचते. दिल्लीहून दुपारच्या गाडीने. स्टेशनवर येऊ नका, गर्दीत मला तुमच्याशी कसं वागायचं ते सुचणार नाही. मी रिक्षाने घरी येईन. काकूला सांगा, मला पान वाढायला शिकव.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडेच मागायची आहे, दुसऱ्या कोणाकडे ती उरलेली नाही. बाबांचा चेहरा मी फोटोत पाहिला आहे. आवाज मला आठवत नाही. आई म्हणायची की तुम्हा दोघांचा आवाज इतका सारखा होता की दाराबाहेरून कोण बोलतंय ते तिला कळायचं नाही. ते मला कोणत्या नावाने हाक मारायचे, तेही मला माहीत नाही. तीन वर्षांच्या मुलीला कोणी ऋता म्हणत नसणार. तुम्हाला ते नाव माहीत आहे.

मी जिना चढून आले, की आधी काही बोलू नका. आतूनच, मी दिसायच्या आधी, मला त्या नावाने एकदा हाक मारा.

ऋता